स्पर्धेच्या प्रोग्रामसाठी संगीत आणि कोरिओग्राफी: नव्या फिगर स्केटरसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

पहिला स्पर्धा-प्रोग्राम बसवताना बहुतेक वेळा क्रम उलटा होतो. आधी आवडतं गाणं ठरतं, मग ते कसंतरी वेळेत बसवलं जातं आणि शेवटी उड्या जिथे जागा उरेल तिथे घुसवल्या जातात. असा प्रोग्राम सरावात ठीक वाटतो. स्पर्धेत मात्र उडीच्या आधी दम लागलेला असतो, संगीताचा कळस येतो तेव्हा स्केटर नुसता वेग घेत असतो आणि शेवटची स्पिन संगीत संपल्यावरही चालू राहते.

क्रम असा ठेवा: नियम, मग घटकांची (उड्या, स्पिन, स्टेप्स) यादी, मग संगीत, मग वेळेचा आराखडा, मग संगीत कापणं आणि त्यानंतर कोरिओग्राफी. खालच्या पायऱ्या याच क्रमाने आहेत. त्या मुख्यतः एकेरी स्केटिंगसाठी आहेत. आइस डान्सचे वेगळे नियम जिथे महत्त्वाचे आहेत तिथे सांगितले आहेत.

लागणारं साहित्य

- चालू हंगामाची नियमावली: आयएसयूची (आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेची) आणि तुमच्या राष्ट्रीय संघटनेची
- रिंकच्या नकाशाच्या डझनभर कोऱ्या प्रती आणि पेन्सिल
- स्टॉपवॉच, शूटिंगसाठी फोन
- ऑडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर; ऑडॅसिटी फुकट आहे आणि या कामाला पुरतं
- मूळ संगीताची चांगल्या दर्जाची फाइल. व्हिडिओवरून उतरवून घेतलेली नको
- संगीताचं नाव, संगीतकार, कलाकार आणि रेकॉर्डिंगची आवृत्ती यांची नोंद

१. तुमच्या गटाचे नियम आधी लिहून काढा

सीनियर आणि ज्युनियर एकेरीत शॉर्ट प्रोग्राम, म्हणजे स्पर्धेचा पहिला, छोटा भाग, २ मिनिटं ४० सेकंदांचा असतो. फ्री स्केटिंग, म्हणजे दुसरा, मोठा भाग, सीनियरसाठी ४ मिनिटं आणि ज्युनियरसाठी ३ मिनिटं ३० सेकंद. सगळीकडे १० सेकंद कमी-जास्त चालतात. त्यापलीकडे प्रत्येक ५ सेकंदांना, किंवा त्याच्या भागाला, १ गुण कापला जातो. खालच्या वयोगटांच्या आणि स्थानिक स्पर्धांच्या वेळा वेगळ्या असतात, त्यामुळे वरचे आकडे डोळे झाकून उचलू नका.

घड्याळ कधी सुरू होतं हे नीट समजून घ्या. ते संगीताबरोबर सुरू होत नाही. स्केटर हलायला किंवा स्केट करायला लागला की सुरू होतं आणि शेवटी तो पूर्ण थांबला की बंद होतं. नुसता हात उचलला, मान वळवली तरी ती हालचालच. १९८४ च्या साराएव्हो ऑलिम्पिकमध्ये टॉर्व्हिल आणि डीन या ब्रिटिश आइस डान्स जोडीचं ‘बोलेरो’ ४ मिनिटं २८ सेकंदांचं होतं आणि मर्यादा होती ४ मिनिटं १० सेकंदांची. त्या वेळी ब्लेडने स्केटिंग सुरू झाल्यावर वेळ मोजली जाई, म्हणून त्यांनी सुरुवातीचे सेकंद बर्फावर गुडघे टेकून काढले. आजच्या नियमात ही वाट बंद आहे.

शॉर्ट प्रोग्रामसाठी २:४२ ते २:४६ एवढी प्रत्यक्ष वेळ धरा. संगीत २:४७ चं आणि पहिली हालचाल तिसऱ्या सेकंदाला असेल तर घड्याळात २:४४ दिसेल. दोन्ही बाजूंना थोडी जागा राहते. नेमकी २:५० ची फाइल करून ‘बसलं एकदाचं’ म्हणणं धोक्याचं आहे: शेवटच्या स्पिनमधून बाहेर यायला दोन सेकंद जास्त लागले की १ गुण गेला.

२. घटकांची यादी प्रशिक्षकाबरोबर पक्की करा

२०२५-२६ हंगामापर्यंतच्या नियमांनुसार सीनियर शॉर्टमध्ये ७ घटक असतात: ३ उड्यांचे (एक अॅक्सल, एक एकेरी म्हणजे जोड नसलेली उडी, एक जोड-उडी), ३ स्पिन आणि १ स्टेप सीक्वेन्स (सलग पावलांचा भाग). फ्री स्केटिंगमध्ये उड्यांचे जास्तीत जास्त ७, स्पिन ३, एक स्टेप सीक्वेन्स आणि एक कोरिओग्राफिक सीक्वेन्स. ज्युनियर शॉर्टमध्ये एकेरी उडी कोणती घ्यायची हे आयएसयू त्या हंगामासाठी ठरवून देते. ती न पाहता मागच्या वर्षीचा प्रोग्राम तसाच पुढे नेणं ही नेहमीची चूक आहे.

यादीत तीच उडी घ्या जी आज, थकलेल्या पायांनीही, बहुतेक वेळा उतरते. हंगामाच्या मध्यावर येईल अशी आशा असलेली उडी वेगळ्या रंगात लिहा आणि तिच्या जागी आज काय करायचं तेही शेजारी लिहा. संगीत निवडताना दोन्हींचा विचार करावा लागतो, कारण डबलच्या (दोन फेऱ्यांच्या) जागी ट्रिपल (तीन फेऱ्यांची) आली की तयारीला दोन-तीन सेकंद जास्त लागतात.

आता प्रत्येक घटकाला लागणारा वेळ मोजा. फोनवर शूट करून तयारीच्या पहिल्या पावलापासून लँडिंगच्या शेवटापर्यंत. साधारण अंदाज असा: उडी ८ ते १० सेकंद, चांगल्या लेव्हलची (अवघडपणाच्या श्रेणीची) स्पिन १२ ते १५, स्टेप सीक्वेन्स ३० ते ३५. शॉर्ट प्रोग्रामची बेरीज करून पाहा. तीन उड्या ३०, तीन स्पिन ४०, स्टेप्स ३५, म्हणजे १०५ सेकंद. १६० मधून उरले ५५. सुरुवात, शेवट, वेग घेणं, श्वास घेणं आणि सगळी जोडणारी पावलं या ५५ सेकंदांत मावली पाहिजेत. हा आकडा डोळ्यांसमोर असला की ‘सुरुवातीचे वीस सेकंद नुसते भाव दाखवू’ असं कोणी म्हणत नाही.

३. संगीत निवडा

तीन पर्याय घ्या, एक नको. प्रत्येकात पुढच्या गोष्टी शोधा.

चढउतार. सलग एकाच जोराचं संगीत बर्फावर सपाट वाटतं, मग ते कितीही भव्य असो. प्रेझेंटेशनच्या (सादरीकरणाच्या) गुणांत ऊर्जेतला आणि हालचालींतला फरक पाहिला जातो. संगीतातच तो नसेल तर स्केटरने आणायचा कुठून?

ऐकू येणारी वाक्यं. आठ-आठ मात्रांचे तुकडे मोजता आले पाहिजेत आणि सम कुठे आहे ते कळलं पाहिजे. उडी समेवर उतरली की परीक्षकाला ती आपोआप संगीताची वाटते. हा केवळ शोभेचा मुद्दा नाही. उडीच्या जीओईसाठीच्या (घटक किती चांगला झाला त्याच्या गुणांसाठीच्या) सहा सकारात्मक निकषांत ‘घटक संगीताशी जुळतो’ हा एक निकष आहे आणि स्पिनलाही तो लागू आहे.

वेग. एक पूर्ण, खोल पुश साधारण सेकंदभर घेतो. मिनिटाला १४० ठोक्यांच्या संगीतावर नवा स्केटर प्रत्येक ठोक्याला पाऊल टाकायला जातो आणि गुडघे ताठ, पुश तोकडे होतात. जलद संगीत हवंच असेल तर एकाआड एक ठोका धरून स्केट करता येतो का ते आधी तपासा. उलट फार संथ, लांब सुरांच्या संगीताला ग्लाइड लागतो. एज (ब्लेडच्या कडेवरचं स्केटिंग) डळमळीत असेल तर ते संगीत प्रत्येक डळमळ उघडी पाडतं.

शब्द. एकेरी आणि जोडी स्केटिंगमध्ये शब्द असलेलं गायन २०१४-१५ हंगामापासून चालतं. आइस डान्समध्ये ते त्याच्या बऱ्याच आधीपासून चालत होतं. गाणं परक्या भाषेतलं असेल तर पूर्ण अर्थ काढून घ्या, कापून टाकणार असलेल्या कडव्यांचाही. शिवी, हिंसा, बारा वर्षांच्या मुलीला न शोभणारा विषय नंतर लक्षात येण्यापेक्षा आत्ता कळलेला बरा. आणि प्रत्येक शब्दावर हाताने अभिनय करायची गरज नाही. ‘हृदय’ आलं की छातीवर हात, ‘आकाश’ आलं की वर बोट, हे फार लवकर कंटाळवाणं होतं.

आइस डान्सला दोन बंधनं जास्त. रिदम डान्सचा (आइस डान्समधल्या पहिल्या प्रोग्रामचा) विषय आयएसयू दर हंगामाला ठरवते (२०२५-२६ साठी १९९० च्या दशकातलं संगीत होतं), आणि संगीतात ऐकू येणारा ठेका हवा. फ्री डान्समध्ये (दुसऱ्या प्रोग्राममध्ये) ठेक्याविना भाग सुरुवातीला किंवा शेवटी १० सेकंद आणि मध्ये १० सेकंद, एवढीच सूट असते.

घासून घासून वापरलेल्या संगीताबद्दल सतत विचारलं जातं. त्यावर बंदी नाही आणि त्यासाठी गुणही कापत नाहीत. १९८८ च्या कॅल्गरी ऑलिम्पिकमध्ये कातारिना विट आणि डेबी थॉमस या दोन्ही दावेदार ‘कार्मेन’वरच उतरल्या होत्या. पण अशा संगीताचे मोठे प्रोग्राम परीक्षकांच्या कानांत आणि डोळ्यांत बसलेले असतात आणि तुलना होतेच. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या दोन हंगामांत असं संगीत टाळा. स्केटर लहान असेल तर शोकांतिकेपासूनही दूर राहा. तिला जे कळतं, जे ऐकून ती घरात आपसूक हालचाल करते, तेच बर्फावर खरं दिसतं.

तिन्ही पर्याय रिंकच्या स्पीकरवर वाजवा आणि स्केटरला फक्त क्रॉसओव्हर, एज, थ्री-टर्न ही प्राथमिक पावलंच करू द्या. रेकॉर्डिंग सर्वांत लांबच्या कोपऱ्यातून करा. हेडफोनमध्ये सुंदर वाटणारं हळुवार पियानो तिथे ऐकूच येत नाही आणि जड बास नुसता घुमतो. बहुतेक वेळा निवड इथेच होऊन जाते.

४. वेळेचा आराखडा काढा

सगळ्या पायऱ्यांत हीच सर्वांत महत्त्वाची आहे आणि हीच बहुतेक जण गाळतात. एका कागदावर संगीताची वाक्यं सेकंदांसह लिहा, कळस कुठे, संथ भाग कुठे, शांतता कुठे हे खुणा करून दाखवा आणि त्याखाली घटक मांडा. चार मिनिटांच्या फ्री स्केटिंगचा एक चालण्याजोगा आराखडा असा:

- ०:०० ते ०:१२: सुरुवात आणि वेग
- ०:१२ ते १:०५: उड्यांचे तीन घटक, सर्वांत अवघड आधी
- १:०५ ते १:२०: पहिली स्पिन
- १:२० ते १:३५: चौथी उडी
- १:३५ ते २:१०: संथ भाग, स्टेप सीक्वेन्स
- २:१० ते ३:००: उरलेल्या तीन उड्या
- ३:०० ते ३:१५: दुसरी स्पिन
- ३:१५ ते ३:३५: कळस, कोरिओग्राफिक सीक्वेन्स
- ३:३५ ते ३:५८: शेवटची स्पिन आणि शेवटची पोझ

मागे तीन उड्या ठेवण्याचं कारण बोनस. २०१८-१९ हंगामापासून फ्री स्केटिंगमध्ये दुसऱ्या अर्ध्या भागातल्या शेवटच्या तीन उडी-घटकांच्या आणि शॉर्टमध्ये शेवटच्या एका उडी-घटकाच्या मूळ किमतीला १० टक्के जास्त मिळतात. ५.९० मूळ किमतीच्या ट्रिपल लट्झ या उडीला ०.५९ जास्त. उडीत पडलात तर मात्र हा फायदा कधीच धुऊन निघालेला असतो, म्हणून जी उडी दोन मिनिटांनंतरही पाय आठवतात तीच मागे ठेवा. बोनससाठी २:०१ ला उडी ठेवू नका. सुरुवातीला थोडी घाई झाली तर ती अलीकडे सरकते आणि बोनस जातो. पाच-सहा सेकंदांचं अंतर राखा.

संथ भाग म्हणजे विश्रांती, हा गैरसमज सोडा. स्टेप सीक्वेन्सला वरची लेव्हल हवी तर अवघड टर्न्सचे प्रकार, दोन्ही दिशांची वळणं, किमान एक तृतीयांश भागात शरीराच्या ठळक हालचाली आणि तीन अवघड टर्न्सच्या दोन वेगवेगळ्या जोडण्या लागतात. चौथ्या लेव्हलची स्टेप सीक्वेन्स ही पायांची दमछाक आहे. तिच्या मागोमाग लगेच सर्वांत अवघड जोड-उडी नको. मध्ये आठ-दहा सेकंदांचे सोपे, लांब एज आणि दोन खोल श्वास ठेवा. श्वासाची जागाही कागदावर लिहा.

५. संगीत कापा

- काम डब्ल्यूएव्ही फाइलवर करा आणि एमपी३ फक्त शेवटी, एकदाच बनवा. प्रत्येक वेळी एमपी३ उघडून पुन्हा साठवली की दर्जा घसरतो.
- काप वाक्य संपताना, समेवर घ्या. मध्येच कापलेलं वाक्य सामान्य श्रोत्यालाही खटकतं.
- समेवरच्या कापाला अगदी छोटा क्रॉसफेड (एक तुकडा विरत असताना दुसरा सुरू होणं) पुरे. दोन-तीन सेकंदांच्या लांब क्रॉसफेडमध्ये दोन ठेके एकमेकांत मिसळून गढूळ होतात.
- शॉर्टमध्ये एक किंवा दोन, फ्रीमध्ये तीन भाग पुरेत. पाच-सहा तुकडे जोडले की प्रोग्रामला ओघ राहत नाही आणि कॉम्पोझिशनच्या (रचनेच्या) गुणांत अपेक्षित असलेली एकसंधता हरवते.
- दोन सेकंद कमी करायला वेग दोन-तीन टक्के वाढवता येतो. सूर तसाच ठेवून केलेला एवढा बदल सहसा कळत नाही. दहा टक्के कळतो.
- हळू भागांचा आवाज थोडा उचला आणि मोठ्या भागांचा थोडा आवरा. नाहीतर ध्वनिव्यवस्थापक आवाज लावतो तो सुरुवातीच्या मोठ्या भागाप्रमाणे आणि तुमचा संथ भाग गायब होतो.
- फाइल एकदा मोनोमध्ये ऐका. स्टीरिओत छान वाटणारी काही रेकॉर्डिंग मोनोत पोकळ होतात आणि कित्येक रिंकचे स्पीकर मोनोच असतात.
- सुरुवातीला एक-दोन सेकंदांची शांतता ठेवा. शेवट ठाम ठेवा. हळूहळू विरत जाणाऱ्या शेवटावर नेमकं कधी थांबायचं हे स्केटरला कळत नाही.

६. कोरिओग्राफी बसवा

पहिला दिवस घटकांविना घालवा. संगीत लावा, स्केटरला मोकळं फिरू द्या आणि शूट करा. त्यातून तीन-चार हालचाली अशा सापडतात ज्या तिच्या स्वतःच्या असतात. त्या प्रोग्राममध्ये दोन-तीनदा, वेगवेगळ्या उंचीवर आणि वेगाने परत आणता येतात.

मग रिंकच्या नकाशावर वाट काढा. लट्झला लांब, मागे सरकत घेतलेला बाहेरचा एज लागतो आणि बहुतेक जण तो कोपऱ्याकडे नेतात. अॅक्सल पुढे तोंड करून उडतात, त्यामुळे तिची जागा निराळी. प्रत्येक उडी त्याच कोपऱ्यात पडत असेल तर नकाशावर गिचमिड दिसेल. वाट बदला. बर्फाचा वापर आणि पॅटर्न कॉम्पोझिशनमध्ये थेट पाहिला जातो. परीक्षक एका लांब बाजूला बसतात. स्पिनची सर्वांत सुंदर पोझिशन आणि शेवटची पोझ त्यांना कोणत्या कोनातून दिसते ते तपासा. मात्र सगळाच प्रोग्राम त्यांच्याकडे तोंड करून नको, बाकी तीन बाजूही आहेत.

उडीच्या आधीची पावलं हवीतच, पण झेपतील एवढीच. बिनचूक टेक-ऑफ आधी, सजावट नंतर. नवख्यांच्या प्रोग्राममध्ये हमखास दिसतं ते असं: उडीच्या आधी आठ सेकंद मागे वळून पाहत नुसता वेग घेणं, तेही संगीतात काहीतरी मोठं घडत असताना. त्या आठ सेकंदांत निदान वरचं शरीर संगीतात राहू द्या.

कोरिओग्राफिक सीक्वेन्सला लेव्हल नसते, मूळ किंमत ३.०० ठरलेली असते. स्पायरल, स्प्रेड ईगल, इना बावर, हायड्रोब्लेडिंग अशा डौलदार ग्लाइडच्या हालचालींपैकी किमान दोन वेगवेगळ्या घ्या आणि त्या संगीताच्या कळसावर ठेवा. इथे मोकळेपणाने बर्फ व्यापा.

हे सगळं कष्टाचं आहे, पण त्याची किंमत आकड्यांत दिसते. २०२२-२३ पासून कॉम्पोझिशन, प्रेझेंटेशन आणि स्केटिंग स्किल्स असे तीन निकष ०.२५ च्या पायरीने मोजले जातात. सीनियर महिलांच्या फ्री स्केटिंगमध्ये गुणक २.६७ आहे. तिन्हींत पाव-पाव गुण वाढला तरी एकूण २ गुण मिळतात.

७. रिंकच्या मापाशी जुळवून घ्या

ऑलिम्पिक मापाचा रिंक ६० बाय ३० मीटर, तर उत्तर अमेरिकी हॉकीचा साधारण ६१ बाय २६ मीटर असतो. अरुंद रिंकवर बसवलेला प्रोग्राम रुंद रिंकवर नेला की आडव्या वाटा चार मीटरने लांबतात आणि स्केटर संगीताच्या मागे पडतो. कुठे एखादा पुश वाढवायचा आणि कुठे कमी करायचा हे आधीच ठरवून नकाशावर लिहा.

८. सराव

आधी तुकड्यातुकड्याने, मग दोन अर्ध्या भागांत, मग अखंड. अखंड सरावात उडी फसली तरी थांबायचं नाही; थांबायची सवय स्पर्धेतही सोबत येते. आठवड्यातून एकदा तरी स्टॉपवॉच लावा. जोड-उडीतली पहिली उडी बिघडली तर जोड पुढे कोणत्या उडीला लावायची, हा दुसरा बेत संगीतावरच सरावात घ्या.

पोशाख घालून किमान दोनदा अखंड सराव करा. गळून पडलेला मणी किंवा पीस बर्फावर राहिलं तर १ गुण जातो. हातात धरायची वस्तू चालत नाही.

९. कागदपत्रं आणि हक्क

- प्रोग्राममधल्या घटकांचा नियोजित क्रम, ठरलेल्या फॉर्मवर. क्रम बदलला की फॉर्मही बदला.
- संगीताची माहिती: नाव, संगीतकार, कलाकार
- फाइल आयोजकांनी सांगितलेल्या स्वरूपात आणि नावाने. शॉर्ट आणि फ्रीच्या फाइलींची अदलाबदल झालेली नाही ना, हे पाठवल्यावर पुन्हा ऐकून बघा.
- पेनड्राइव्हवर दुसरी प्रत आणि फोनवर तिसरी
- संगीत वापरण्याचा परवाना किंवा त्याच्या अर्जाची प्रत

हक्कांचा भाग हलक्यात घेऊ नका. रचनेचे हक्क वेगळे आणि त्या विशिष्ट रेकॉर्डिंगचे वेगळे. २०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकच्या सुमारास अमेरिकेच्या एका जोडीवर दावा झाला तो एका जुन्या पारंपरिक गाण्याच्या नव्या रेकॉर्डिंगवरून. सभागृहात वाजवण्याचा परवाना आयोजकांकडे असला तरी प्रक्षेपण आणि कापलेली आवृत्ती त्यात येईलच असं नाही. आपल्या संघटनेला आधी विचारा. परवान्याला महिने लागू शकतात, म्हणून संगीत ठरलं त्याच आठवड्यात अर्ज करा आणि उत्तर येईपर्यंत दुसरा पर्याय जिवंत ठेवा.

१०. स्पर्धेच्या ठिकाणी

अधिकृत सरावात तुमचं संगीत वाजेल तेव्हा पहिले वीस सेकंद फक्त ऐका: फाइल बरोबर आहे का, आवाज पोचतो का, ठेका कोणत्या कोपऱ्यात उशिरा ऐकू येतो. बिघाड आढळला तर प्रशिक्षकाने लगेच ध्वनिकक्षात जावं. प्रत्यक्ष स्पर्धेत चुकीचं संगीत लागलं किंवा मध्येच बंद पडलं तर क्षणाचाही उशीर न करता रेफरीकडे जा. नाव पुकारल्यावर सुरुवातीची पोझ घ्यायला ३० सेकंद मिळतात. बर्फावर एक फेरी, प्रशिक्षकाचे दोन शब्द आणि जागेवर पोचणं हे सगळं त्यात बसवून घरच्या रिंकवर आधीच मोजून ठेवा.